सिसिली बेटांतील ग्रीक देवळें

ग्रीक लोकांच्या देवळांचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें अथेन्स शहर व तेथील टेकडीवरचें पार्थेनॉन हें मंदिर उभें राहतें. इतिहासाच्या पुस्तकांत चित्र असतें तेंही बहुधा त्याचेंच. परंतु प्राचीन ग्रीक देवळांपैकीं जीं आज चांगल्या स्थितींत उभीं आहेत, अथवा जीं मूळचीं अतिशय प्रचंड होतीं, त्यांतील कित्येक खुद्द ग्रीस देशांत नसून इटलीच्या दक्षिणेस असलेल्या सिसिली बेटांत आहेत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. हीं देवळें पाहण्याचा योग आम्हांस आला. तेथें आम्हीं जें पाहिलें व त्याविषयीं जें वाचलें, तें शाळेंतील मुलामुलींस व त्यांच्या घरच्या वडील मंडळींस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

देवळाचें सौंदर्य पाहणाऱ्यास आपोआप दिसतें. त्यासाठीं लेख लिहावयास नको. पण हें देऊळ कोणाच्या हातांनीं उभें राहिलें, हें टिकलें तर शेजारचें कां पडलें, असे प्रश्न मुद्दाम विचारावे लागतात. त्यांचीं उत्तरें बरीचशीं त्या दगडांवरच लिहिलेलीं आहेत, व उरलेलीं जुन्या इतिहासकारांनीं लिहून ठेविलीं आहेत. आमचा सारा रोख या प्रश्नांकडे आहे.

सिसिली हें भूमध्य समुद्रांतील सर्वांत मोठें बेट. त्याचें क्षेत्रफळ सुमारें दहा हजार चौरस मैल भरतें. इटलीच्या टोंकापासून तें सुमारें दोन मैल रुंदीच्या सामुद्रधुनीनें तुटलें आहे. आगगाडीचे डबे उतारूंसकट बोटींत चढवून पलीकडे नेतात, ही मौज आम्हीं येथेंच पाहिली. बेटाच्या पूर्वेस एटना नांवाचा ज्वालामुखी सदा धुमसत असतो. जमीन काळी व कसदार, गहूं उत्तम पिकतो, द्राक्षें व ऑलिव्ह यांस तर तोटा नाहीं. उलटपक्षीं ग्रीस देश डोंगराळ. तेथें माणसें वाढलीं पण शेतें वाढेनात. तेव्हां इ. स. पूर्वीच्या आठव्या शतकापासून ग्रीक लोकांच्या टोळ्या गलबतांत बसून पश्चिमेकडे येऊं लागल्या. कॉरिंथच्या लोकांनीं इ. स. पू. ७३३ च्या सुमारास सिराक्यूज वसविलें. ऱ्होड्स व क्रीट येथील लोकांनीं पुढें गेला हें नगर वसविलें. आणि लेकीला लेक व्हावी त्याप्रमाणें गेलाच्या लोकांनीं इ. स. पू. ५८० च्या सुमारास आणखी पश्चिमेस अक्रागास नांवाचें शहर स्थापिलें. मुख्यतः ज्या देवळांविषयीं आम्ही लिहिणार आहों, तीं या अक्रागासचीं.

या शहराचें नांव वेळोवेळीं बदललें. रोमन लोक त्यास अॅग्रिजेंटम म्हणत. मध्ययुगापासून तें जिर्जेंती झालें. आणि १९२७ सालीं इटलीच्या सरकारनें पुन्हां जुन्या वळणावर आग्रिजेंतो असें नांव ठेविलें. पालेर्मो या राजधानीच्या शहराहून आगगाडीनें सुमारें दोन तासांत येथें येतां येतें. देवळें ज्या ठिकाणीं आहेत त्या भागास ‘देवळांची दरी’ असें म्हणतात. हें नांव ज्यानें ठेविलें त्यानें तें वरच्या गांवांतून खालीं पाहून ठेविलें असावें; कारण प्रत्यक्षांत ती दरी नसून खडकाचा एक लांबट कणा आहे. पलीकडे दोन मैलांवर समुद्र आहे. गलबतांतून येणाऱ्या माणसास प्रथम हीं देवळें ओळीनें दिसावींत, हा बांधणाऱ्यांचा हिशेब तेथें उभें राहतांच कळून येतो. आम्ही फेब्रुवारींत गेलों तेव्हां बदामाचीं झाडें पांढऱ्या फुलांनीं लवलीं होतीं, आणि वाटेच्या कडेनें आपल्याकडील फड्या निवडुंगाच्या जातीचें निवडुंग माजलें होतें. हें निवडुंग पाहून फार पुरातन काळांत आल्यासारखें वाटतें. पण तें मूळचें अमेरिकेंतील असल्यामुळें कोलंबसाच्या आधीं येथें त्याचें पानही नव्हतें! युनेस्को संस्थेनें १९९७ सालीं हें स्थळ जागतिक वारशाच्या यादींत घातलें आहे.

देवळांकडे वळण्यापूर्वीं ग्रीक देऊळ म्हणजे काय, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. चर्चमध्यें अगर मशिदींत प्रार्थनेसाठीं लोक आंत जमतात. ग्रीक देवळाची कल्पना निराळी होती. तें देवाचें घर; मूर्ति आंत गाभाऱ्यांत, आणि बळी देण्याची वेदी मात्र बाहेर, बहुधा पूर्वेच्या अंगास. उत्सवाच्या दिवशीं लोक वेदीभोंवतीं उघड्यावर जमत. त्यामुळें देवळाचें आंतलें अंग काळोखाचें असलें तरी चालत असे. शोभा काय ती बाहेरून. पायऱ्यांचें जोतें, त्यावर लांबट चौकोनी गाभारा, गाभाऱ्याच्या चारही बाजूंस खांबांची रांग, खांबांवर दगडी तुळया, आणि त्यांवर कौलारू दुपाखी छप्पर, अशी ही रचना. समोर सहा खांब व बाजूस तेरा, हें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं आढळतें. सहा व तेरा यांची दुप्पट अडतीस होते खरी, पण कोपऱ्यांतील चार खांब दोन्ही रांगांत मोजले गेल्यामुळें प्रत्यक्ष खांब चौंतीस भरतात. लहान मुलांनीं हें पाटीवर आकृति काढून पाहावें.

खांब एका दगडाचे नसतात. जात्याच्या तळ्यांसारखे, पण पुष्कळ जाड असे वाटोळे खंड एकावर एक रचून ते उभारीत, व मग त्यांवर वरपासून खालपर्यंत उभ्या पन्हळी कोरीत. येथील दगड पिवळसर, सच्छिद्र व ठिसूळ आहे. नीट पाहिल्यास त्यांत समुद्रांतील शिंपल्यांचे तुकडे दिसतात. संगमरवर या भागांत मिळत नाहीं. म्हणून या दगडावर संगमरवराची पूड घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चुन्याचा गिलावा देत, आणि वरच्या भागांस तांबडे, निळे असे रंग देत. संध्याकाळच्या उन्हांत मधासारखा चमकणारा जो दगड पाहून आज प्रवासी भारावून जातात, तो बांधणाऱ्यांस कोणाला दाखवावयाचाच नव्हता.

कण्याच्या पूर्व टोंकास सर्वांत उंच जागीं हीरा देवीचें म्हणून ओळखलें जाणारें देऊळ आहे. तें इ. स. पूर्वीच्या पांचव्या शतकाच्या मध्यावर बांधलें गेलें. त्याचे पंचवीस खांब उभे आहेत, छप्पर व भिंती नाहींत. कांहीं दगडांवर तांबूस झांक दिसते. ती इ. स. पू. ४०६ सालच्या आगीची खूण होय, असें मानितात. त्या आगीची हकीकत पुढें येईल.

तेथून पश्चिमेकडे थोडें चाललें कीं ‘काँकॉर्डिया’चें देऊळ लागतें. काँकॉर्डिया म्हणजे एकोपा. हें नांव मात्र चुकीनें पडलें आहे. १६ व्या शतकांत फाझेल्लो नांवाच्या पंडितास जवळपास एक लॅटिन शिलालेख सांपडला, त्यांत हा शब्द होता, आणि तो देवळास चिकटला. वास्तविक त्या लेखाचा व देवळाचा कांहीं संबंध नाहीं. इ. स. पू. ४४० ते ४३० च्या सुमारास बांधलेलें हें देऊळ चौंतीसही खांबांसह, दोन्ही टोंकांच्या त्रिकोणांसह, गाभाऱ्याच्या भिंतींसह आज उभें आहे. छप्पर तेवढें गेलें. साऱ्या जगांत याच्याइतकीं शाबूत राहिलेलीं ग्रीक देवळें बोटांवर मोजण्याइतकींच निघतील. मग हेंच कां टिकलें? दगड तोच, गवंडी त्याच परंपरेचे, भूकंप सर्वांस सारखेच.

त्याचें उत्तर गाभाऱ्याच्या भिंतींत आहे. आंत जाऊन पाहिलें तर दोन्ही बाजूंच्या भिंतींत प्रत्येकीं सहा, अशा बारा कमानी कापलेल्या दिसतात. ग्रीक देवळांत कमानी नसतात. मग या कोठून आल्या? परंपरा अशी आहे कीं इ. स. ५९७ च्या सुमारास ग्रेगरी नांवाच्या बिशपनें हें देऊळ संत पीटर व संत पॉल यांच्या नांवें चर्चमध्यें बदललें. आतां चर्चमध्यें लोक आंत बसावयाचे. ग्रीक गाभारा तेवढ्यास पुरणारा नव्हता. तेव्हां कारागिरांनीं सारी इमारत जणूं उलटी केली. बाहेरच्या खांबांमधल्या मोकळ्या जागा दगडांनीं बुजवून त्यांची भिंत बनविली, आणि आंतल्या भिंतींस कमानी पाडून त्या मोकळ्या केल्या. पूर्वीं खांब बाहेर व भिंत आंत होती. आतां भिंत बाहेर आली. खांबांस भिंतीचा आधार मिळाला, छपराची डागडुजी होत राहिली, आणि ज्या इमारतींत माणसांची नित्य ये-जा आहे तिचे दगड कोणी उचलून नेऊं शकला नाहीं. १७८८ सालीं खांबांमधल्या भिंती काढून तिला जुनें रूप देण्यांत आलें. कमानी तशाच राहिल्या, हें फार बरें झालें असें आम्हांस वाटतें. कारण त्या बुजविल्या असत्या तर देऊळ कशामुळें वांचलें, याचा पुरावाच नाहींसा झाला असता.

हाच प्रकार पण अधिक विलक्षण रीतीनें आम्हांस सिराक्यूज येथें दिसला, म्हणून त्याचा उल्लेख येथेंच करितों. त्या शहराचें मुख्य चर्च बाहेरून १८ व्या शतकांतील नक्षीदार इमारत दिसतें. १६९३ सालच्या भयंकर भूकंपांत जुनी दर्शनी बाजू पडल्यावर ही नवी बांधली. परंतु बाजूच्या रस्त्यांत शिरून पाहिलें तर भिंतींतून जाडजूड ग्रीक खांब अर्धे बाहेर डोकावत असतात! हें मूळचें अथीना देवीचें देऊळ, इ. स. पू. ४८० नंतर गेलॉन राजाच्या वेळीं बांधलेलें. सातव्या शतकांत त्याचें चर्च झालें, ८७८ सालीं अरबांनीं शहर जिंकल्यावर मशीद झाली, नॉर्मन लोक आल्यावर पुन्हां चर्च झालें. आंत प्रार्थनेस आलेली बाई आपली टोपली ज्या खांबाच्या पायाशीं ठेवते, तो खांब सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींचा आहे, याचें तिला कांहींच वाटत नाहीं. आणि तेंच योग्य आहे.

पुन्हां अक्रागासला येऊं. काँकॉर्डियाच्या पश्चिमेस हिरॅक्लीझचें म्हणून ओळखलें जाणारें, सर्वांत जुनें देऊळ आहे. त्याचे आठ खांब १९२० च्या दशकांत अलेक्झांडर हार्डकॅसल नांवाच्या इंग्रज गृहस्थानें स्वतःचा पैसा खर्चून पुन्हां उभारविले. त्याच्या पलीकडे रस्ता ओलांडला कीं एक मैदान लागतें, आणि त्यांत दगडांचा अफाट ढीग. प्रथम पाहणारास वाटतें कीं ही एखादी खाणच असावी. हें ऑलिंपियन झ्यूसचें देऊळ. लांबी सुमारें ३७० फूट, रुंदी सुमारें १८५ फूट. ग्रीकांनीं बांधलेल्या डोरिक पद्धतीच्या देवळांत याहून मोठें दुसरें नाहीं. शेजारचें काँकॉर्डियाचें अवघें देऊळ याच्या जोत्यावर आठ-नऊ वेळां मावेल.

इतकें मोठें बांधावयाचें म्हटल्यावर येथला ठिसूळ दगड कामास येईना. खांब फार उंच, त्यांमधलें अंतर फार, तुळया पेलणार कशा? म्हणून शिल्पकारांनीं नेहमीची रचना सोडली. मोकळे खांब न करितां भिंत बांधून तिला अर्धे खांब चिकटविले. समोर सात व बाजूस चौदा. डायोडोरस हा इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकांतला सिसिलीचाच इतिहासकार लिहितो कीं या खांबांच्या एकेका पन्हळींत माणूस उभा राहूं शकेल. आम्हीं पडलेल्या तुकड्यांवर हें अजमावून पाहिलें; त्यांत अतिशयोक्ति नाहीं. खांबांच्या मधल्या जागेंत, भिंतीच्या वरच्या भागीं, हात डोक्यामागें दुमडून तुळई पेलणारे दगडी राक्षस बसविलेले होते, असें बहुतेक विद्वान् मानितात. एकेकाची उंची पंचवीस फूट. तेही अखंड दगडाचे नसून थरावर थर रचून केलेले. असा एक राक्षस जवळच्या संग्रहालयांत उभा केला आहे, व दुसरा तुकडे जुळवून २०२४ सालीं देवळाच्या आवारांत उभा करण्यांत आला. झिजून झिजून त्याच्या चेहऱ्यावर डोळेही नीट उरले नाहींत. मान किंचित् पुढें, कोपर वर, आणि अंगभर ओझ्याचा ताण. येथें शिल्पकारानें देव कोरला नाहीं, वीर कोरला नाहीं. ओझें वाहणारा माणूस कोरला. हा माणूस कोण असावा?

याविषयीं विचार करण्यास इतिहास आपणांस भाग पाडतो. सिसिलीच्या समोर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज हें फिनिशियन लोकांचें बलाढ्य राज्य होतें. इ. स. पू. ४८० सालीं कार्थेजच्या हमिल्कार सेनापतीनें मोठें सैन्य घेऊन बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिमेरा येथें चढाई केली. सिराक्यूजचा गेलॉन व अक्रागासचा थेरॉन या दोघां सत्ताधीशांनीं मिळून त्याचा पूर्ण पराभव केला. हजारों लोक कैद झाले. डायोडोरस सांगतो कीं अक्रागासच्या वांट्यास इतके कैदी आले कीं कांहीं नागरिकांच्या घरीं पांच पांचशें बंदिवान् होते! बहुतेकांस शहराच्या कामास लाविलें. त्यांनीं दगड फोडले. त्या दगडांतून सर्वांत मोठीं देवळें उभीं राहिलीं. आणि शहराचें पाणी वाहून नेण्यासाठीं जमिनीखालीं कालवे खोदले गेले. त्या कालव्यांचें पाणी ज्या तळ्यांत पडे, त्यांत मासे पाळलेले असून राजहंस पोहत असत, असें वर्णन आहे. तळें पुढें गाळानें भरलें; आज त्या खोलगट जागीं संत्र्यांची बाग आहे.

ज्या दगडांस उचलण्यासाठीं दोर बांधले, त्यांच्या टोंकांवर घोड्याच्या नालासारखी खोबण आजही दिसते. या खोबणींत दोर बसवून यारीनें दगड वर चढवीत. शेजारच्या दगडास तो भिडल्यावर दोर खोबणींतून ओढून काढतां येई. आम्हीं त्या खोबणींत हात घातला. पुस्तकांत ‘थेरॉननें देऊळ बांधिलें’ असें वाक्य असतें. दोर ओढणाऱ्याचें नांव कोठेंच नाहीं. खोबण मात्र आहे.

अक्रागास या विजयानंतर फार श्रीमंत झालें. पिंडार कवीनें त्याच्या सौंदर्याची स्तुति केली आहे. पृथ्वी, आप, तेज, वायु या चार तत्त्वांचें जग बनलें आहे असें शिकविणारा एम्पेडोक्लीज हा तत्त्ववेत्ता याच गांवचा. आपल्याकडील पंचमहाभूतांत आकाश हें एक अधिक आहे, एवढाच मुलांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा फरक. गेलियस नांवाचा एक धनिक तर असा आतिथ्यशील होता, कीं एकदां भर थंडीवाऱ्यांत गेलाहून आलेल्या पांचशें घोडेस्वारांस त्यानें एकट्यानें आपल्या घरीं उतरवून घेतलें व प्रत्येकास कोरडीं वस्त्रें दिलीं, असें डायोडोरस लिहितो.

मग इ. स. पू. ४०६ सालीं कार्थेजचें सैन्य पुन्हां आलें. हिमेराच्या लढाईस तेव्हां चौऱ्याहत्तर वर्षें झालीं होतीं. आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर धान्य संपलें, आणि एका रात्रीं सारें शहर गेलाच्या वाटेनें चालूं लागलें. म्हातारे व आजारी मागें राहिले. मऊ बिछान्याशिवाय ज्यांस झोंप येत नसे अशा घरच्या मुली त्या रात्रीं पायीं चालल्या. गेलियस पळाला नाहीं. तो अथीनेच्या देवळांत जाऊन बसला. देऊळ पवित्र आहे, येथें तरी शत्रु हात लावणार नाहीं, अशी त्याची आशा होती. ती फोल ठरतांच त्यानें देवळास आग लाविली व स्वतः तींत जळून मेला. झ्यूसच्या त्या प्रचंड देवळावर तर छप्परच चढलें नव्हतें. या लढाईमुळें तें कधींच चढलें नाहीं, असें डायोडोरसनें स्पष्ट म्हटलें आहे. ज्यांचे हात लागून तें वर आलें होतें, त्यांच्याच देशबांधवांच्या नातवंडांनीं तें बंद पाडिलें.

ना छप्पर, ना कोणाचा वापर. मग त्याचें काय व्हावयाचें? भूकंपांनीं तें हळूहळू पडलें. उभा राहिलेला शेवटचा भाग १४०१ सालीं कोसळला. त्यानंतर लोकांस तो नुसता दगडांचा सांठा वाटूं लागला. १८ व्या शतकांत जवळच्या बंदराचा धक्का बांधतांना येथून गाड्या भरभरून दगड नेले. ज्या भव्यतेसाठीं हें देऊळ बांधिलें, ती भव्यताच त्याला नडली, असें म्हणावें लागतें. काँकॉर्डियाचें देऊळ बेताचें होतें, म्हणून एका गांवास तें आपलें चर्च करतां आलें.

कार्थेजचें सैन्य चौऱ्याहत्तर वर्षांनीं परत कां आलें, हें पाहण्यास बेटाच्या वायव्य कोपऱ्यांत सेजेस्ता येथें जावें लागतें. हें शहर ग्रीक नसून एलिमी नांवाच्या लोकांचें. परंतु ग्रीकांचें पाहून त्यांनींही इ. स. पूर्वीच्या पांचव्या शतकाच्या अखेरीस एक ग्रीक पद्धतीचें देऊळ बांधावयास घेतलें. डोंगराच्या कुशींत, जवळ वस्ती नाहीं, अशा जागीं तें उभें आहे. समोर सहा, बाजूस चौदा. खांब किती झाले तें वाचकांनीं वरील रीतीनें काढावें. सारे खांब जागेवर आहेत, पण गाभारा नाहीं, छप्पर नाहीं, आणि खांबांवर पन्हळी नाहींत. देऊळ अपुरें राहिलें. अजिंठ्याच्या अपुऱ्या लेण्यांत जसें खोदकामाचें तंत्र उघडें पडतें, तसेंच येथें झालें आहे. पन्हळी खांब उभा राहिल्यावरच कोरीत, नाहीं तर सांधे जुळणार नाहींत, हें येथें प्रत्यक्ष दिसतें. जोत्याच्या दगडांवर मुठीएवढे उंचवटे तसेच आहेत; दगड सरकवितांना दोर व पहारी अडकविण्यासाठीं ते ठेवीत, आणि काम संपलें कीं छिन्नीनें उडवून टाकीत. आम्हांस हें अपुरें देऊळ पुऱ्या देवळांहून अधिक शिकवून गेलें.

सेजेस्ताचें शेजारच्या सेलिनस या ग्रीक शहराशीं हाडवैर होतें. त्या भांडणांत अथेन्सची मदत मिळावी म्हणून त्यांनीं जी युक्ति केली, ती थ्युसिडिडीज या इतिहासकारानें सांगितली आहे. अथेन्सचे वकील पाहणीस आले तेव्हां गांवांतले व शेजारच्या गांवांतले सारे सोन्याचांदीचे प्याले गोळा करण्यांत आले, आणि ज्या ज्या घरीं मेजवानी होई तेथें तेच प्याले पुढें धाडण्यांत आले. वकिलांस वाटलें, काय ही संपत्ति! घरोघर सोनें! अथेन्सनें इ. स. पू. ४१५ सालीं मोठें आरमार पाठविलें. आरमार आल्यावर कळलें कीं खजिन्यांत अवघे तीस टॅलंट आहेत. दोन वर्षांनीं तें सारें सैन्य सिराक्यूजपुढें बुडालें, आणि सात हजारांवर कैदी तेथील दगडाच्या खाणींत उघड्यावर कोंडले गेले. अथेन्स गेलें, तेव्हां सेजेस्तानें मदतीसाठीं कार्थेजकडे हात पसरला. इ. स. पू. ४०९ सालीं हिमेरास पडलेल्या हमिल्कारचा नातू हॅनिबल सैन्य घेऊन उतरला. (आल्प्स पर्वत ओलांडणारा हॅनिबल तो निराळा, व पुष्कळ नंतरचा.) नऊ दिवसांत सेलिनस पडलें. डायोडोरसच्या मतें सोळा हजार माणसें मारलीं गेलीं व पांच हजार धरलीं गेलीं. सव्वीसशें लोक पळून अक्रागासला पोंचले. तेथील लोकांनीं त्यांस सार्वजनिक कोठारांतून धान्य दिलें. तीन वर्षांनीं अक्रागासवरही हीच पाळी आली, हें वर सांगितलेंच आहे.

सेलिनस येथें समुद्रकांठीं देवळांचे ढीगच्या ढीग पडले आहेत. त्यांतील सर्वांत मोठें देऊळ शंभरांहून अधिक वर्षें बांधकामांत होतें व तेंही पुरें झालें नाहीं. आम्हांस मात्र तेथून सुमारें सात मैलांवर असलेली कूझा येथील खाण अधिक लक्षांत राहिली. या खाणींतून सेलिनसच्या देवळांस दगड जात असे. ऑलिव्हच्या झाडांमधून एक पायवाट जाते, आणि तिच्या कडेस खडकांतच खांबांचे वाटोळे खंड अर्धवट कोरलेले उभे आहेत. कांहींचा व्यास दहा फुटांपर्यंत. प्रत्येकाच्या भोंवतीं एक माणूस कसाबसा वांकून उभा राहील एवढीच अरुंद चर खोदलेली आहे. त्या चरींत उतरून, गोल गोल फिरत, पाथरवटानें छिन्नीनें दगड सोडवीत न्यावयाचा. खालपर्यंत पोंचल्यावर तळ कापून खंड मोकळा करावयाचा. मग लांकडी चौकटींत बसवून बैलांकडून तो ओढवीत असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

कांहीं ठिकाणीं चर गुडघाभर खोल आहे, कांहीं ठिकाणीं नुसतें वर्तुळ आंखलेलें आहे, कांहीं खंड पुरे सुटून शेजारीं ठेविलेले आहेत. शत्रु आल्याची बातमी ज्या दिवशीं आली त्या दिवशीं जें काम जेथें होतें, तेथेंच तें राहिलें. छिन्नीच्या तिरप्या रेघा अजून स्पष्ट दिसतात; पावसानें त्या पुसल्या नाहींत. कांहीं खंड तर खाणींतून निघून सेलिनसच्या वाटेस लागले होते. ते त्या वाटेवरच, शेतांत, पडून आहेत.